चांदीच्या पेल्यावरील तीन अक्षरें



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपणांस सनदा, पत्रव्यवहार, बखरी आणि शिलालेख आठवतात. जेवणाच्या मेजावरील चमचा किंवा पेला हेंहि इतिहासाचें साधन होऊं शकतें, ही कल्पना आपल्या मनांत सहसा येत नाहीं. अमेरिकेंत बॉस्टन येथील ललितकला-संग्रहालयानें १९०६ सालीं जुन्या अमेरिकन चांदीच्या भांड्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि तेव्हांपासून तेथील अभ्यासकांनीं ह्या साधनाचा चिकाटीनें उपयोग करून घेतला आहे. त्यांचे प्रश्न ऐकावयास साधे आहेत. हें भांडें कोणीं घडविलें? कोणासाठीं घडविलें? आणि आज तें जेथें आहे तेथें कोणाकोणाच्या हातून आलें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा भांड्यावरच मिळतें. दुसऱ्याला श्रम पडतात. तिसऱ्याचा शोध मात्र पुष्कळदां भलत्याच वाटेनें केला जातो, आणि ती वाट भलती कां, हें मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे.

आधीं हीं भांडीं लोक करून कां घेत, तें पाहूं. सतराव्या शतकांत न्यू इंग्लंडमध्यें जे इंग्रज वसाहत करून राहिले, त्यांना पैसा ठेवण्यासाठीं पेढ्या नव्हत्या. व्यापारांत हातीं येई तें नाणें बहुतेक स्पेनचें. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली ती चांदी वेस्ट इंडीज बेटांशीं चालणाऱ्या व्यापारांतून उत्तरेकडे येई. एक नाणें दुसऱ्या नाण्यासारखेंच. तें चोरीस गेलें तर ओळखावयाचें कसें? म्हणून चार पैसे गांठीला जमले कीं गृहस्थ ते सोनाराकडे नेई, आणि सोनार तीं नाणीं आटवून त्यांचा पेला, वाडगा किंवा चमचे करून देई. पेला चोरीस गेला तर वर्तमानपत्रांत जाहिरात देतां येई: वजन इतकें, सोनाराचा छाप अमुक, वर अक्षरें अमुक. अडचणीचे दिवस आले तर तोच पेला पुन्हां मोडतां येई. आपल्याकडे बायकांच्या अंगावरचे दागिने जें काम करीत, तें तिकडे मेजावरचीं भांडीं करीत असें म्हणावयास हरकत नाहीं. चांदीचें काम करणाऱ्यालाहि तिकडे सोनारच म्हणत. बॉस्टनचा जॉन हल हा असाच एक सोनार. १६५२ सालीं मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें स्वतःची टांकसाळ काढली ती हल आणि त्याचा भागीदार रॉबर्ट सँडरसन यांच्याच हातीं दिली. नाणीं पाडणारे आणि नाणीं आटवून पेले करणारे हात एकच होते, यावरून त्या समाजांत धन आणि भांडें यांत किती थोडें अंतर होतें तें ध्यानांत येईल.

भांडें लंडनचें असेल तर संशोधकाचें काम हलकें होतें. तेथील सोनारांच्या मंडळाच्या कचेरींत प्रत्येक भांडें तपासणीला जाई. हजार भागांत ९२५ भाग चांदी भरली कीं त्यावर सिंहाचा छाप, लंडन शहराचा बिबट्याच्या तोंडाचा छाप आणि दरसाल बदलणारें एक अक्षर उमटे. त्या अक्षरावरून भांड्याचें वर्ष नेमकें सांगतां येतें. अमेरिकन वसाहतींत अशी कचेरी नव्हती. बाल्टिमोर शहरीं १८१४ पासून १८३० पर्यंत सरकारी तपासणी होती. पण ती गोष्ट पुष्कळ नंतरची आणि एकाच शहरापुरती. बाकी सर्वत्र सोनाराच्या नांवाचीं आद्याक्षरें, आणि पुढें पुढें त्याचें आडनांव, एवढाच काय तो छाप. शुद्धतेबद्दल गिऱ्हाइकाची सारी भिस्त सोनाराच्या अब्रूवर. वर्ष नाहीं, सरकारची साक्ष नाहीं. तेव्हां भांड्याची जन्मकथा सांगावयास, मालकानें कोरून घेतलेलीं अक्षरें हेंच मोठें साधन उरतें.

हीं अक्षरें बहुधा तीन असतात आणि त्रिकोणांत मांडलेलीं असतात. वरचें अक्षर आडनांवाचें. खालीं डावीकडे नवऱ्याच्या नांवाचें आणि उजवीकडे बायकोच्या नांवाचें. बॉस्टनचा प्रसिद्ध देशभक्त सोनार पॉल रिव्हियर याचेंच उदाहरण घेऊं. त्याचें पहिलें लग्न १७५७ सालीं सेराशीं झालें. ती १७७३ त वारली, आणि त्याच वर्षीं त्यानें रेचेलशीं दुसरें लग्न केलें. आतां त्याच्या घरचें म्हणून एखादें भांडें पुढें आलें आणि त्यावर वर ‘आर्’, खालीं ‘पी’ व ‘एस्’ अशीं अक्षरें असलीं, तर तें ह्या सोळा वर्षांतलें असणार. खालीं ‘पी’ व ‘आर्’ असलीं तर त्यानंतरचें. नवऱ्याचें नांव व आडनांव दोन्हींकडे तेंच आहे. काळाचा निर्णय करून देतें तें बायकोचें अक्षर. वाचतांना एक पथ्य मात्र पाळावें लागतें. त्या काळीं ‘जे’ च्या जागीं ‘आय्’ कोरीत. तेव्हां सगळे जॉन, जेम्स आणि जोसेफ ‘आय्’ खालीं शोधावे लागतात. न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी निराळी. तें गांव १६६४ पर्यंत डच लोकांचें होतें, आणि आपल्याप्रमाणेंच डच लोकांतहि बापाचें नांव मध्यें घालण्याची चाल होती. त्यांच्या भांड्यांवरील मधलें अक्षर कित्येकदां बापाचें असतें. तेथें इंग्रजी त्रिकोणाची रीत लावली तर फसगत होते.

आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनीं घातलेलीं नांवें आठवून पाहा. माहेरच्या मंडळींनीं लग्नांत दिलेल्या घंगाळावर मुलीचें जें नांव असे, तें सासरीं गेल्यावर पुष्कळदां तिला राहतच नसे. तिचें नांव लग्नांत बदलत असे. घंगाळावरचें नांव तेवढें कायम राही. अमेरिकन चांदीची हकीकतहि बरीचशी अशीच आहे.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहांत चांदीचें एक मोठें मीठपात्र आहे. तें घडलें लंडनमध्यें, पण न्यू इंग्लंडमध्यें आलेल्या अगदीं आरंभींच्या चांदीपैकीं तें एक आहे. जोसेफ ग्लोव्हर नांवाचा पाद्री १६३८ सालीं बायकोमुलांसह आणि छापखान्याच्या सामानासह अमेरिकेस निघाला व वाटेंत समुद्रावरच वारला. त्याची विधवा एलिझाबेथ मुलांना आणि सामानाला घेऊन किनाऱ्याला लागली. केंब्रिज गांवीं इंग्रजी अमेरिकेंतला जो पहिला छापखाना सुरू झाला, त्याची मालकीण ही बाई होती. ही गोष्ट छापखान्याच्या इतिहासांतहि दोनचार शब्दांत आटोपली जाते. १६४१ त तिनें हार्वर्डचा अध्यक्ष हेन्री डन्स्टर याच्याशीं लग्न केलें आणि १६४३ त ती वारली. पुढच्या वर्षीं, १६४४ त, तें मीठपात्र तिचा भाऊ रिचर्ड हॅरिस याच्या नांवानें कॉलेजाला देणगीदाखल मिळालें. पात्रावर ग्लोव्हर पतिपत्नींचीं अक्षरें आहेत. ग्लोव्हर, डन्स्टर आणि हॅरिस हीं तीन आडनांवें एका पात्राभोंवतीं आलेलीं पाहून नवखा वाचक गोंधळतो. पहिला तिचा पहिला नवरा, दुसरा दुसरा नवरा, तिसरा भाऊ. एलिझाबेथ मधून काढून टाकली तर ह्या तीन घराण्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध उरत नाहीं. पुढें १६५६ त ग्लोव्हरचा मुलगा जॉन यानें सावत्र बाप डन्स्टर याच्यावर मालमत्तेबद्दल दावा लावला, तेव्हां घरांतल्या चांदीच्या भांड्यांबद्दलहि साक्षी झाल्या. भांडणाचे कागद संशोधकाला नेहमींच उपयोगी पडतात.

हा स्त्रीचा दुवा निसटतो कसा, तें आतां पाहूं. सामान्य इंग्रजी कायद्याप्रमाणें लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःची जंगम मालमत्ता नसे. तिनें माहेराहून आणलेला चमचासुद्धां लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याचा होई. आपल्या धर्मशास्त्रांत स्त्रीधन म्हणून जें वेगळें मानलें आहे, तसें कांहीं त्या कायद्यांत नव्हतें. ही स्थिति बदलण्यास एकोणिसावें शतक निम्में उलटावें लागलें. न्यूयॉर्क राज्याचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८४८ चा, मॅसॅच्युसेट्सचा १८५५ चा. परंतु कायद्याच्या पाठीमागून वहिवाट आपली वाट काढीत होती. बाप मृत्युपत्र करी तेव्हां जमीन बहुधा मुलग्यांना देई, आणि बिछाने, कापडचोपड, चांदी अशा वस्तु मुलींच्या वांट्याला येत. मुलगी आपली चांदी घेऊन सासरीं जाई. तिची मुलगी ती घेऊन आणखी तिसऱ्या घरीं. शेतवाडी एकाच आडनांवाखालीं शंभर वर्षें राही, आणि पेला तेवढ्याच काळांत तीन-चार आडनांवांच्या घरांतून फिरून येई.

अशा पेल्याचा शोध आडनांवाच्या वंशावळीवरून करावयास बसलें म्हणजे काय होतें? संशोधक त्रिकोणांतलें वरचें अक्षर धरतो, आणि मुलगा, नातू, पणतू अशा पायऱ्यांनीं खालीं उतरतो. पेला तेथें नसतोच. मग तो निकाल देतो कीं अक्षरें भलत्या घराण्याचीं आहेत, किंवा पेला मध्येंच विकला गेला असावा. ज्यांच्या घरीं तो सांपडला त्यांच्या आजीचें माहेर कोणतें, एवढी चौकशी केली असती तर कोडें सुटलें असतें. आणि ही चौकशी सोपी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत छापलेल्या पुष्कळशा वंशावळींत मुलीचें लग्न झालें कीं तिची शाखा तेथेंच थांबते. तिचीं मुलें दुसऱ्या कोणाच्या तरी वंशावळींत, बापाच्या नांवाखालीं शोधावीं लागतात. म्हणून गांवच्या विवाहनोंदी, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्रें, आणि माणूस मेल्यावर त्याच्या घरांतील वस्तूंच्या ज्या याद्या कोर्टासाठीं करीत त्या याद्या, असे चारी कागद एकमेकांशेजारीं ठेवून वाचावे लागतात. ह्या याद्यांत चांदी औंसांच्या हिशेबानें मांडलेली असते. त्याच यादींत, चांदीच्या ओळीच्या वर किंवा खालीं, गुलाम माणसें त्यांच्या किंमतीसह लिहिलेलीं आढळतात. आणि हें दक्षिणेकडील तंबाखूच्या मळेवाल्यांपुरतें नाहीं, बॉस्टनसारख्या शहरांतहि आहे. ज्यांनीं तीं भांडीं रोज घासलीं त्यांचीं अक्षरें भांड्यांवर कोणीं कोरलीं नाहींत. त्यांतल्या एखाद्याचें नांव कळलें तर तें ह्याच कागदांतून कळतें, म्हणून ह्या याद्या चांदीच्या ओळीपुरत्या वाचून मिटूं नयेत असें मला वाटतें.

कागदांइतकीच साक्ष खुद्द भांडें देतें. त्याच्या बुडाशीं बारीक टोंकानें ओरखडलेले आंकडे पुष्कळदां दिसतात. तें वजन होय. तें औंस आणि पेनीवेट यांत दिलेलें असतें. वीस पेनीवेटांचा एक औंस. हा औंस आपल्या तोळ्याशीं चांगला जुळतो. तोळा १८० ग्रेनांचा आणि चांदीचा औंस ४८० ग्रेनांचा, म्हणजे तीन औंसांचे बरोबर आठ तोळे. पिढ्यान्‌पिढ्या घासून चांदी झिजते. तेव्हां आजचें वजन बुडाच्या आंकड्यापेक्षां थोडें कमीच भरावयास पाहिजे. जास्त भरलें तर संशय घ्यावा. एकोणिसाव्या शतकांत मद्यपाननिषेधाची चळवळ जोरांत आली, तेव्हां कित्येक घरांतून आजोबांच्या टँकार्डाला, म्हणजे झांकणाच्या व मुठीच्या मोठ्या पेल्याला, तोटी जोडण्यांत आली आणि त्याचा पाणी वाढण्याचा तांब्या झाला. आजोबांची आठवणहि घरांत राहिली आणि त्यांचें व्यसनहि झांकलें! अशा तोटीचें वजन अर्थातच बुडाच्या आंकड्यांत धरलेलें नसतें. पुढें संग्राहकांचा काळ आला; त्यांनीं तोटी काढून भोंक बुजविलें आणि वर तकाकी आणली. अशा जागीं तोंडाची वाफ सोडून पाहावी. वाफ धरते त्या क्षणीं जोडाची रेघ दिसून जाते. खोडलेलीं अक्षरेंहि अशींच दिसतात. आणि खोडलें असेल तेथें पत्रा पातळ झाल्यामुळें अंगठ्यानें दाबतांच किंचित् लवतो. हें ज्ञान ग्रंथांतून मिळत नाहीं, भांडें हातीं घ्यावें लागतें.

फसवणाऱ्या खुणाहि पुष्कळ आहेत. ढालीवर कोरलेलें कुलचिन्ह पाहून लोक हुरळून जातात. परंतु जॉन गिलिम या इंग्रजाचा कुलचिन्हांवरील ग्रंथ बॉस्टनच्या कारागिरांच्या वापरांत होता. गिऱ्हाइकाचें आडनांव त्यांत सांपडलें कीं तेथील चिन्ह उतरवून भांड्यावर कोरून देत. इंग्लंडांतील त्या उमराव घराण्याशीं त्याचें नातें असो वा नसो. अशा चिन्हावरून हौस सिद्ध होते, वंश सिद्ध होत नाहीं. मात्र ढाल उभी दुभागलेली असेल तर एका अर्ध्यांत नवऱ्याचें आणि दुसऱ्या अर्ध्यांत बायकोच्या माहेरचें चिन्ह असतें, आणि चिन्ह ढालीऐवजीं शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींत असेल तर तें कुमारिकेचें किंवा विधवेचें असतें. एवढी माहिती मोलाची आहे. याशिवाय दंतकथा आहेतच. १८७६ सालीं अमेरिकन स्वातंत्र्याची शताब्दी साजरी झाली, त्या सुमारास जुन्या वस्तूंचा अभिमान वाढला आणि नातवंडांनीं भांड्यांवर लांबच लांब लेख कोरून घेतले: अमक्याचें, तें तमक्यास मिळालें, त्याच्यापासून फलाण्यास. अक्षरांच्या वळणावरून ते लेख मागाहूनचे आहेत हें ओळखतां येतें. त्यांतले कांहीं खरे असतात, कांहीं एखादी पिढी गाळून जातात. रिव्हियरच्या नांवाचे तर खोटे छापहि झाले. लाँगफेलो कवीनें १८६० त त्याच्या घोडदौडीवर कविता लिहिली, त्याचें नांव घरोघर झालें, आणि त्याच्या भांड्यांची किंमतहि चढली. पुढें नकली माल बाजारांत आला यांत नवल नाहीं.

रिव्हियरचें सर्वांत नांवाजलेलें भांडें म्हणजे १७६८ सालचा स्वातंत्र्याचा वाडगा. ‘पंच’ नांवाचें पेय वाढण्याचा हा वाडगा. हा शब्द आपल्याकडील ‘पांच’ वरूनच तिकडे गेला असें कित्येक कोशकार मानतात. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें करांविरुद्ध इतर वसाहतींना एक पत्र धाडलें होतें. तें मागें घ्या असा राजाचा हुकूम आला. ९२ सभासदांनीं तो धुडकावला, त्यांच्या गौरवार्थ पंधरा गृहस्थांनीं हा वाडगा करविला. त्याचें वजन मुद्दाम ४५ औंस, म्हणजे १२० तोळे, ठेवलें. कारण इंग्लंडांत जॉन विल्क्स याच्या पत्राचा राजाला झोंबलेला अंक ४५ वा होता. त्या पंधराजणांचीं नांवें वाडग्यावर कोरलेलीं आहेत, त्यामुळें पहिले मालक कोण हा प्रश्नच येत नाहीं. पुढें तो खासगी मालकींत राहिला, आणि १९४९ सालीं शाळेंतल्या मुलांनीं दिलेल्या पैशांसकट लोकवर्गणी जमवून बॉस्टनच्या संग्रहालयासाठीं विकत घेण्यांत आला. इतकी सरळ हकीकत फार थोड्या भांड्यांच्या वांट्याला येते.

त्याच सोनाराच्या हातचें दुसरें एक काम मला अधिक बोलकें वाटतें. रिव्हियरच्या दुकानाच्या १७६१ पासूनच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत. त्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहास-मंडळानें जपून ठेवल्या आहेत. त्यांत १७७३ सालीं वूस्टर गांवच्या डॉ. विल्यम पेन याच्या खातीं एक मोठी मागणी लिहिलेली आहे. कॉफीचें पात्र, चहाची किटली, दुधाचें भांडें, पेले, चमचे मिळून ४५ नग. रिव्हियरला आयुष्यांत मिळालेली ही सर्वांत मोठी मागणी. निमित्त होतें पेनच्या लग्नाचें. वधू लोइस ऑर्न ही मॅसॅच्युसेट्सच्या सेलम बंदरांतील धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी. त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या १६ तारखेस बॉस्टन बंदरांत चहाच्या पेट्या पाण्यांत फेंकल्या गेल्या, आणि फेंकणारांत रिव्हियर होता. चहाचीं इतकीं भांडीं घडवून दिल्यास तीन-चार महिनेहि झाले नव्हते.

पेन राजपक्षाचा निघाला. युद्ध सुरू झाल्यावर तो ब्रिटिश सैन्यांत वैद्य म्हणून गेला, देशाला पारखा झाला, आणि शांतता होऊन कांहीं वर्षें लोटल्यावर वूस्टरला परतला. भांडीं घडविणारा सोनार तोंवर दुसऱ्या पक्षाचा नामांकित पुरुष होऊन बसला होता. त्या भांड्यांवर ऑर्न घराण्याचें कुलचिन्ह आहे, आणि चमच्यांवर ‘एल्’ व ‘ओ’, लोइस ऑर्न, अशीं अक्षरें आहेत. हिशेबाची वही नसती तर आडनांवाचें अक्षर धरून निघालेला संशोधक सेलमला गेला असता आणि ऑर्न मंडळींच्या घरांतून चौकशी करीत हिंडला असता. चांदी वूस्टरला होती. लोइसच्या मुलानातवंडांच्या, म्हणजे पेन मंडळींच्या, घरांतून ती विसाव्या शतकांत तेथील कलासंग्रहालयाकडे गेली, आणि त्यांतील बहुतेक नग आज तेथेंच पाहावयास मिळतात.